एक फूट, एक स्टड: गिरगावच्या चाळीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

आम्हा लेगो छंदिष्टांच्या गटाच्या दादरच्या आजच्या बैठकीत या वर्षीचे सामाईक काम ठरले. लाकडी गॅलऱ्यांची, मंगलोरी कौलांची, गिरगावात अजून तुरळक दिसते तशी चाळ लेगोमध्ये बांधायची, आणि ती कोणा एकाने न बांधता प्रत्येकाने आपल्या घरी एकेक भाग तयार करून नोव्हेंबरअखेर एकाच टेबलावर जोडायची. मुंबई बांधायची म्हटली की छंदिष्टांचा हात आधी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गेटवे किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूकडे जातो. त्या वास्तू देखण्या आहेत, परंतु एकाने बांधाव्या आणि बाकीच्यांनी पाहाव्या अशा आहेत. चाळीत एकच खोली पुन्हा पुन्हा येते, म्हणून ती वाटून घेता येते.

प्रमाणाचा प्रश्न अनपेक्षितपणे लवकर सुटला. लेगोच्या दोन स्टडांमधील (तुकड्याच्या डोक्यावरील गोल उंचवट्यांमधील) अंतर ८ मिलीमीटर असते आणि एक फूट म्हणजे ३०४.८ मिलीमीटर. एक स्टड म्हणजे एक फूट मानला, तर प्रमाण १:३८ च्या जवळ येते. या प्रमाणात साधारण ४० मिलीमीटर उंचीची लेगोची बाहुली पाच फुटांची होते, जे मुळीच वावगे दिसत नाही. त्याहून सोयीची गोष्ट म्हणजे जुन्या चाळींची सगळी मापे फुटांत सांगितली जातात, त्यामुळे दहा बाय बाराची खोली दहा बाय बारा स्टडांत बसते आणि कोणालाही गणकयंत्र हातात धरावे लागत नाही.

उंचीचा हिशेबही जमतो. लेगोची वीट म्हणजे ब्रिक आणि तिच्या एक तृतीयांश जाडीचा पातळ तुकडा म्हणजे प्लेट. प्लेटची जाडी ३.२ मिलीमीटर आणि ब्रिकची उंची ९.६ मिलीमीटर असल्यामुळे पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन स्टड होतात. दहा फुटांचा मजला म्हणजे ८० मिलीमीटर, अर्थात २५ प्लेटी, अर्थात आठ ब्रिक आणि वर जमिनीची एक प्लेट. एक कणही उरत नाही की कमी पडत नाही.

९ जून

कोणती चाळ, यावर आज बराच वेळ गेला. नायगावला बालपण गेलेल्या एका काकांचा आग्रह बीडीडी चाळीचा होता. मुंबई विकास विभागाने (बीडीडी) १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभारल्या, त्याही काँक्रीटच्या, त्यामुळे ऐतिहासिक वजन त्यांच्याकडे निश्चितच आहे. तथापि त्या चाळींचा व्हरांडा इमारतीच्या पोटातून जातो आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतात. बाहेरून पाहणाऱ्याला खिडक्यांच्या रांगा दिसतात, माणसे दिसत नाहीत. गिरगावच्या चाळीची गॅलरी अंगणाकडे उघडी असते, तिच्यावर धुणे वाळते, तिथेच भाजी निवडली जाते आणि भांडणेही तिथेच होतात. टेबलाभोवती फिरणाऱ्या प्रेक्षकासाठी हीच रचना योग्य, असे माझे मत मी मांडले आणि काकांनी ते फारशा उत्साहाने नव्हे, पण मान्य केले.

१६ जून

आज नियमावली लिहून काढली. सामाईक बांधकामात नियम किती असावेत याविषयी छंदिष्टांत नेहमीच दोन तट असतात. काहींना रंगापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळे ठरवून हवे असते, तर काहींना काहीच नको असते. मी जो आराखडा ठेवला त्याचे सूत्र असे होते की जे गॅलरीत येते ते सर्वांचे, म्हणून ते पक्के ठरलेले असावे, आणि उंबरठ्याच्या आत ज्याने त्याने हवे ते करावे.

प्रत्येक भागाचा तळ ३२ बाय ३२ स्टडांची बेसप्लेट. मागचे १६ स्टड इमारतीचे आणि पुढचे १६ अंगणाचे. इमारतीच्या १६ मध्ये भिंती धरून १२ स्टड खोली आणि ४ स्टड गॅलरी. तळमजल्यावर दोन मजले. बेसप्लेटऐवजी साध्या प्लेटी तळाला वापरू नयेत, कारण बेसप्लेट प्लेटपेक्षा पातळ असते आणि तळ वेगवेगळे असले की शेजारच्या दोन गॅलऱ्यांत प्लेटच्या निम्म्याच्या आसपास फरक पडतो. ती पायरी डोळ्याला लगेच टोचते. भाग एकमेकांना जोडण्यासाठी पहिल्याच थरात टेक्निक या लेगो प्रकारातील आडव्या भोकाच्या ब्रिका ठरलेल्या जागी बसवायच्या आणि त्यांत पिना घालायच्या. पूर्ण आकाराच्या इमारती शेजारी शेजारी जोडण्याची ही पद्धत लेगो कंपनीने २००७ पासूनच्या मॉड्यूलर मालिकेत रुळवली आहे, त्यामुळे आम्ही नवीन काही शोधण्याच्या भानगडीत पडलो नाही.

भिंतींचा नियम मात्र आमचा स्वतःचा आहे. प्रत्येक खोलीने केवळ आपली डावी भिंत बांधायची, उजवी शेजाऱ्याची. अशा रीतीने भिंत आणि दहा, भिंत आणि दहा, भिंत आणि नऊ मिळून बरोबर ३२ स्टड भरतात आणि जोडावर दुहेरी भिंत येत नाही. तिसरी खोली एक फूट अरुंद राहते, यावर विलेपार्ल्याच्या ताईंनी विचारले की भाडेही कमी लागेल का. एकटा ठेवलेला भाग उजवीकडून उघडा राहतो हे काहींना खटकले, पण घरी कपाटावर ठेवताना त्याच बाजूने आतले सामान दिसते, असे सांगितल्यावर विरोध मावळला.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस कोसळला, रेल्वेमार्गांवर पाणी साचले आणि कार्यालयात जाणे झाले नाही. मिळालेल्या दिवसात संगणकावर नमुना भाग पूर्ण केला. आम्ही सर्वजण स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यामागे जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या एलड्रॉ या प्रणालीचा सुट्या भागांचा संग्रह आहे. तिच्यात एका स्टडाचे २० एकक मानतात, प्लेट ८ एककांची आणि ब्रिक २४ एककांची होते, त्यामुळे पडद्यावर जे जुळते ते हातातही जुळते. वजन, वाकणे आणि ठिसूळपणा या गोष्टी मात्र पडद्यावर दिसत नाहीत. फाईल सर्वांना पाठवली.

२१ जुलै

गॅलरी. या प्रकल्पाचा जीव तिच्यात आहे आणि अडचणही तिथेच आहे.

मजल्याची जमीन एका प्लेटच्या जाडीची ठेवली की प्लेटींचे जोड एकमेकांना धरून राहत नाहीत, कारण दुसरा थरच नसतो. खोलीच्या भागात भिंती त्यांना धरतात, परंतु चार स्टड बाहेर आलेल्या गॅलरीला खालून काहीच नाही. बोटाने दाबताच जोड उघडतात. जमीन दोन प्लेटींची करावी, ही सूचना आली होती, पण मग २५ प्लेटींचा हिशेब मोडतो आणि दाराच्या सहा ब्रिक उंच चौकटीवरचा पट्टा आखडतो.

उत्तर शेवटी खऱ्या चाळीत सापडले. ठाकूरद्वाराजवळच्या एका चाळीच्या गॅलरीखाली उभे राहून वर पाहिले, तर भिंतीतून ठरावीक अंतरावर लाकडी तुळया बाहेर आलेल्या दिसतात आणि त्यांच्यावर फळ्या बसवलेल्या असतात. तेच केले. जमिनीच्या प्लेटीखाली आठ स्टड लांबीच्या प्लेटी आडव्या घातल्या, त्यांतील चार स्टड बाहेर, एक भिंतीत आणि तीन खोलीच्या आत. जिथे जमिनीचा जोड येतो तिथे दोन स्टड रुंदीची तुळई घातली, म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजू तिच्यावर बसतात. भिंतीचा सर्वांत वरचा थर त्यासाठी ब्रिकऐवजी तीन प्लेटींचा करावा लागला, एवढाच खर्च. आता पुरे भरलेले चहाचे भांडे गॅलरीवर ठेवले तरी ती हलत नाही. (ठेवून पाहिले. घरातून त्यावर जे बोलणे झाले ते या नोंदीत येत नाही.) खालून पाहिल्यावर तुळयांची टोके रांगेत दिसतात आणि त्यामुळेच इमारत लाकडी वाटू लागते.

खांबांसाठी एक बाय एकच्या गोल ब्रिका एकावर एक रचल्या. गॅलरीच्या जमिनीपासून तुळईच्या खालपर्यंत २३ प्लेटींची उंची मिळते, म्हणजे सात गोल ब्रिका आणि दोन गोल प्लेटी. असा खांब नुसता रचला तर धक्क्याने वाकडा होतो. या ब्रिकांच्या डोक्यावरील स्टड पोकळ असतो आणि लेगोची ३.१८ मिलीमीटर जाडीची कडक नळी त्यातून आरपार जाते. नळी घातली की खांब सरळ उभा राहतो.

कठड्यासाठी उभ्या गजांचे, चार स्टड लांब आणि दोन ब्रिक उंच असे कुंपण मिळते. त्यावर एक टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) घातली की आमच्या प्रमाणात पावणेतीन फुटांचा कठडा होतो. वास्तवात तो एवढाच असावा, कारण टेकून उभे राहणाऱ्याचे कोपर त्याच्यावर यायला हवे.

११ ऑगस्ट

रंग आणि सुटे भाग. भिंतींसाठी बाहेरून फिकट पिवळा ठरला, लाकडासाठी तांबूस तपकिरी. खोल्यांच्या आत मोरपंखी, पिस्ता, गुलाबी, ज्याची जी हौस. तपकिरीविषयी जुन्या छंदिष्टांनी सावध केले आहे. तांबूस तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल रंगांचे काही वर्षांपूर्वीचे भाग ठिसूळ असतात आणि घट्ट बसलेली प्लेट उचकटताना कोपरा तुटतो. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा आणि तपकिरी हे दोन्ही रंग बदलले, त्यामुळे त्याआधीचे भाग शेजारी ठेवले की छटेतला फरक उघड दिसतो. जुन्या साठ्यातील तपकिरी तुकडे मी खोलीच्या आतल्या फडताळांत वापरणार आहे, तिथे कोणी शेजारी ठेवून पाहणार नाही.

सुटे भाग परदेशातून मागवणे दिवसेंदिवस महाग होत आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणून यादी एकत्र करून आपसांत देवघेव करण्याचे ठरले. ज्याच्याकडे पांढऱ्या टाइलांचा ढीग आहे त्याने त्या द्यायच्या आणि तपकिरी कुंपणे घ्यायची. ही देवघेव मला खरेदीपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्या निमित्ताने लोक एकमेकांच्या घरी जातात आणि डबे उघडले जातात.

इतर कंपन्यांच्या ब्रिका चालतील का, हा नाजूक प्रश्न आज निकाली निघाला. खोलीच्या आत चालतील. जोडाच्या ब्रिका, तुळया आणि खांब मात्र लेगोचेच. यात कुलीन-अकुलीनतेचा प्रश्न नाही. १९५८ मध्ये पेटंट झालेली ब्रिकच्या पोटातील नळ्यांची रचना आजही तशीच असल्यामुळे तेव्हाची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते, आणि जोडाच्या ठिकाणी ती खात्री हवी.

१ सप्टेंबर

छपराचे गणित आज मांडले. इमारत पुढून मागपर्यंत १६ स्टड, म्हणजे आढ्यापासून प्रत्येक बाजूला ८. आढे भिंतीपेक्षा ६ स्टड उंच ठेवले, तर उताराची लांबी बरोबर १० स्टड येते, कारण ६, ८ आणि १० हा काटकोन त्रिकोण आहे. ६ स्टड म्हणजे ४८ मिलीमीटर, म्हणजे नेमके पाच ब्रिक. उताराचा कोन सुमारे ३७ अंश होतो, जो मुंबईच्या पावसात कौलारू छपराला शोभतो. दोन्ही पाखी बिजागरीच्या प्लेटींवर बसवल्या आणि छप्पर अखंड उचलता येईल असे सुटे ठेवले.

कौलांसाठी पूर्ण उतारावर एक बाय एकचे लहान उतार-तुकडे बसवले. त्यांची पातळ कड खालच्या बाजूला ठेवली की थरावर थर चढल्यासारखी करवती कड दिसते. एका पाखीला ३२० आणि दोन्हींना मिळून ६४० तुकडे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते करताना रेडिओ ऐकावा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला आणि ती कौले पुढे समुद्रमार्गे सर्व किनाऱ्यावर पोहोचली. जुन्या कौलांचा रंग एकसारखा नसतो, म्हणून तांबूस तपकिरीत गडद नारिंगी आणि गडद लाल मिसळले, आणि शेवाळ धरल्यासारखे दोन-चार हिरवट तुकडे पन्हळीच्या बाजूला घातले. हिरवे जास्त झाले की छपराला रोग झाल्यासारखे दिसते. हात आवरावा लागतो.

१५ सप्टेंबर

गणपतीचे दिवस असल्यामुळे काम थांबले आहे. अंगणात मंडप घालावा अशी सूचना बोरिवलीच्या सदस्याने केली. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, तेव्हा सूचना अस्थानी नाही. मंडप सुटा करावा आणि प्रदर्शनाच्या वेळी ठेवायचा की नाही हे तेव्हा ठरवावे.

६ ऑक्टोबर

अंगणातले तुळशी वृंदावन झाले. आकाराने ते अंगठ्याएवढे आहे, पण सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला, म्हणून रचना सविस्तर लिहून ठेवतो. एक बाय एकची, पाच प्लेटी उंच अशी एक ब्रिक मिळते जिच्या एका बाजूवर दोन स्टड असतात. पाच प्लेटी म्हणजे दोन स्टड, त्यामुळे आडवी लावलेली दोन बाय दोनची टाइल तिच्या उंचीला तंतोतंत झाकते. अशा चार ब्रिका चौकात ठेवून प्रत्येकीचे स्टड वेगळ्या दिशेला काढले आणि चारही बाजूंना पांढऱ्या टाइला लावल्या. चार कोपऱ्यांत प्लेटच्या जाडीएवढी उभी खाच राहते आणि ती मुद्दाम कोरल्यासारखी भासते. समोरची टाइल काढून तिथे एक बाय दोनच्या दोन आडव्या टाइला लावल्या, त्यांतील खालची काढून घेतली, की पणतीपुरता कोनाडा तयार होतो. कोनाड्यात पारदर्शक नारिंगी रंगाचा एक बाय एकचा गोल तुकडा. वर चौथरा आणि त्यावर तीन पानांचा हिरवा तुकडा.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सामाईक नळ. लेगोत नळाचा तयार तुकडा आहे. तो भिंतीला लावला, खाली करड्या टाइलांची मोरी आणि रांगेत बादल्या. ताईंनी सुचवले की बादल्यांची रांग सरळ नसावी, कारण नंबर लावलेला असतो आणि प्रत्येकाला आपली बादली थोडी पुढे हवी असते. त्याप्रमाणे बदल केला.

२० ऑक्टोबर

दिवे. लॅमिंग्टन रोडवरून पिवळसर पांढरे छोटे एलईडी आणि लाखेचा थर असलेली केसासारखी बारीक तांब्याची तार आणली. दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, त्यामुळे प्रत्येकासोबत २२० ओहमचा रोध घातला की ९ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि दिवा वर्षानुवर्षे टिकतो. तार दोन स्टडांच्या मधल्या फटीतून जाते आणि वर ब्रिक नीट बसते, फक्त ती स्टडाच्या डोक्यावरून नेऊ नये. नऊ खोल्यांचे मिळून एका भागाला ८० मिलिअँपिअर पुरतात. पॉवर बँक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इतक्या कमी प्रवाहावर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. सगळे भाग एकाच तारेवर घेतले की ही अडचण राहत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दादरच्या सभागृहात जोडणी झाली. रविवारचा मेगाब्लॉक लक्षात घेऊन सर्वांना लवकर निघायला सांगितले होते. माझा भाग छप्पर धरून साधारण २९ सेंटीमीटर उंच असल्याने छप्पर वेगळ्या खोक्यात भरले आणि दोन्ही खोकी लोकलच्या मालडब्यातून आणली. तिथे मासळीच्या टोपल्यांशेजारी जागा मिळाली आणि एका मावशींनी खोक्यात काय आहे विचारून, पाहून, चाळीतला जिना कुठे आहे असा रास्त प्रश्न केला. जिना कोणाच्याच भागात नाही.

सहा भाग, तीन-तीन समोरासमोर. मधले अंगण ३२ फूट रुंद झाले, जे गिरगावच्या मानाने ऐसपैस आहे. पिना पहिल्या फटक्यात बसल्या. गॅलऱ्यांची पातळी तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर जुळली. दुसऱ्या मजल्यावर एका जोडापाशी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास फरक आला, कारण त्या सदस्याने आतल्या भिंतींत इतर कंपन्यांच्या ब्रिका वापरल्या होत्या आणि इतक्या थरांचा सूक्ष्म फरक वर जाऊन साचला. कठड्याची वरची टाइल त्या जोडावरून न नेता जोडापाशीच संपवली, आणि फरक दिसेनासा झाला.

उंबरठ्याच्या आत ज्याला हवे ते करू दिल्याचे फळ आज पाहायला मिळाले. एका खोलीत कॅरम मांडला होता, दुसरीत शिलाई मशीन होते आणि तिच्या चाकाला नळाच्याच तुकड्याचा दांडा होता. एकीत जमिनीपासून छतापर्यंत वर्तमानपत्रांचे गठ्ठे. काकांच्या खोलीत फक्त एक खाट, एक कंदील आणि भिंतीवर गिरणीच्या पाळीचे घड्याळ. सामाईक नियमांनी बांधलेल्या गॅलरीवरून एकाच वेगाने चालत जावे आणि प्रत्येक दारापाशी थांबावे, असे पाहणारे करत होते. लहान मुले बाहुल्या हलवत होती. हलवू द्याव्यात की नाही यावर थोडी कुजबुज झाली, पण चाळीत कोण कुठे उभे राहील हे बांधणाऱ्याने ठरवू नये, या मताचा मी आहे.

१ डिसेंबर

पुढील कामांची नोंद. जिन्याचा भाग मी करतो. एका पायरीला एक ब्रिक चढ आणि एक स्टड पाऊल धरले, तर आठ पायऱ्यांत मजला गाठता येतो आणि शेवटची प्लेट जमिनीत मिसळते. चढ ५० अंशांचा होईल, पण जुन्या लाकडी जिन्यांच्या मानाने तो चालेल. रांगेच्या उजव्या टोकाच्या भागाला बंद करणारी भिंत हवी, ती बोरिवलीचे सदस्य करतील. सामाईक शौचकूपांची बाजू काका करणार आहेत आणि त्यांनी तिथे प्रकाश कमी ठेवावा असे स्वतःच सुचवले आहे. काटकोनात वळणाऱ्या कोपऱ्याच्या भागासाठी गॅलरीच्या तुळया दोन दिशांनी येतील, त्याचे चित्र २२ डिसेंबरपर्यंत सर्वांना पाठवायचे आहे. तपकिरी कुंपणे संपली आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी संख्या कळवावी, बदल्यात फिकट पिवळ्या प्लेटी देता येतील.